बाकूची टोपी

तीर्थस्वरूप आप्पा आणि आई,

बाकू समुद्रसपाटीपेक्षाही २८ मीटर खाली आहे, पण वारा असा की माणूस वर उडावा. उत्तरेचा ‘खज़री’ सुटला की माझी ओढणी एकीकडे, पिशवी दुसरीकडे. त्यातही इथले एखादे आजोबा ‘पापाग’ ही उंच लोकरी टोपी घालून ताठ चालत जातात. पापाग उबदार असते, पण डोक्यावर असते ती अब्रूसाठी. जुन्या रिवाजात ती जेवतानाही उतरत नसे. कुणी दुसऱ्याची पापाग पाडली तर खंजीर निघायचे. आप्पा, तुमची टोपी परीटघडीची नसली की घरात जे होतं, त्याची ही थोरली आवृत्ती.

आईंना आवडेल ती गोष्ट पुढेच आहे. पुरुषांची जुंपली आणि एखाद्या बाईनं डोक्यावरचा रुमाल काढून मध्ये टाकला, की हत्यारं खाली ठेवायची, असा इथला जुना दंडक. टोपीनं पेटवायचं आणि रुमालानं विझवायचं! मी हे तुमच्या चिरंजीवांना दोनदा ऐकवलं.

त्यांनी परवा जुन्या शहरात, इचेरीशेहेरमध्ये, एक पापाग घालून पाहिली. दुकानदार म्हणाला, अगदी खान दिसता. चिंगी म्हणाली, बाबांच्या डोक्यावर मेंढी झोपलीय. आम्ही चिंगीचं ऐकलं. शिवाय उंची पापाग काराकुलची, म्हणजे कोवळ्या कोकराच्या कातड्याची. आप्पांच्या माळेसमोर ती कुठल्या खुंटीला टांगणार?

पण खरी गंमत नवरोजला, मार्चमध्ये. सणाआधीच्या शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी पोरं शेजाऱ्याच्या दारात टोपी टाकतात, दार ठोठावतात आणि लपून बसतात. घरच्यांनी टोपीत सुकामेवा, रंगवलेली अंडी, पाखलावा, शेकेरबुरा भरून ठेवायचा. रिकामी टोपी परत केली तर लाज घरमालकाची! जिच्यासाठी आजोबा खंजीर काढायचे, तीच नातू खुशाल उंबऱ्यावर भिरकावतो आणि आजोबा आत बसून हसतात. ज्यांची अब्रू पक्की, त्यांनाच हे परवडतं.

शेकेरबुरा म्हणजे आपली करंजीच, फक्त सारण बदाम-अक्रोडाचं. आमच्या दारातही टोप्या पडणार, तेव्हा आईंनी चकलीची भाजणी फेब्रुवारीतच पाठवावी. आपल्या वाईची अब्रू आता तिच्यावर आहे.

तुमची सून