लेखक (डाळ मिल)

दहावीच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. तिथे येऊन आमच्या लेकीने पेन दातांत धरलं, थोडा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि मग सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'लेखक (डाळ मिल)'. मी म्हटलं, "अगं, कंस कशाला?" तर म्हणाली, "पप्पा, दोन्ही लिहायला जागा नव्हती. आणि नुसतं लेखक लिहिलं तर फी माफीवाल्यांच्या यादीत टाकतील."

जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये मी एकोणीस वर्षं दिवाणजी आहे. तूर आत येते, तिचं साल निघतं, दोन फाका होतात, पॉलिश होऊन ती कट्ट्यात बसते आणि ट्रकने परगावी जाते. आत आलेली तूर आणि बाहेर गेलेली डाळ कागदावर जुळवणं, हे माझं काम. चुरी, फोलपट, ओलावा सगळं धरूनही ती कधी जुळत नाही; जुळवावी लागते. कथालेखनाची पहिली तालीम मी तिथेच केली.

कथा लिहितो हे शेठना कळू नये म्हणून टोपणनाव घेतलं : तापीतीरकर. तापी आमच्या घरापासून चांगली पाच-सहा कोसांवर. जवळची नदी गिरणा, पण गिरणातीरकर म्हटलं की पिठाच्या गिरणीशेजारी राहणारा वाटतो, आणि मिलमध्ये काम करणाऱ्याने तेवढा धोका पत्करू नये. शेठना अर्थात पहिल्याच वर्षी कळलं. ते रागावले नाहीत, त्याहून वाईट झालं. तेव्हापासून गाडी उशिरा भरली की ते केबिनमधून ओरडतात, "काय लेखक, कट्टे भरताय की पानं?"

तर या तापीतीरकरांना एका दिवाळी अंकाने सातशे पन्नास रुपये मानधन पाठवलं. एकोणीस पानांची कथा, सातशे पन्नासचा चेक. दुपारच्या सुट्टीत मी तो घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी चेक उलटा केला, सुलटा केला, माझं पासबुक बघितलं.

"हे तापीतीरकर कोण?"

"मीच."

"कशावरून?"

मी तयारीने गेलो होतो. पिशवीतून अंक काढला, कथेचं पान उघडलं. वर माझा फोटो होता, ब्लाऊजच्या अस्तराचा पडदा मागे लावून काढलेला. साहेबांनी फोटो बघितला, मला बघितलं आणि मान्य केलं की माणूस एकच आहे.

"पण फोटोखाली नाव काय आहे?"

"तापीतीरकर."

"मग हा फोटो तापीतीरकरांचा झाला. तुमचा नाही झाला."

मागे रांगेत एक पेन्शनर आबा होते, ते म्हणाले, "बरोबर बोलून राहिले साहेब." साहेब माणूस मनाने चांगला. त्यांनी कथेचा पहिला परिच्छेद वाचला, दुसराही वाचला आणि अंक परत देताना सल्ला दिला, "आधारवर नाव चढवून घ्या. आणि जरा छोटं लिहा." चेक अजून कपाटात आहे. त्याची तीन महिन्यांची मुदत कधीच संपली. संपादकांना दुसरा मागायचा तर फोन करावा लागेल, आणि मानधनासाठी फोन करणारा लेखक म्हणजे आपल्याकडे लग्नात दुसऱ्यांदा जिलबी मागणारा व्याही.

टोपणनावाचं हे दुखणं आमच्या गावचं जुनंच आहे. १९०७ साली पहिलं कविसंमेलन जळगावात भरलं तेव्हा धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या पोराने तिथे कविता म्हटली. वय सतरासुद्धा पूर्ण नव्हतं. अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' ठरवून टाकलं, आणि पुढे ठोमरे कोण हे सांगावं लागू लागलं. अध्यक्ष होते डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने लष्करी सर्जन, शिवाय वनस्पतिशास्त्रातलं मोठं नाव. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बसूंचा ग्रंथ अजून काढून बघतात. म्हणजे मराठी कवींच्या पहिल्या मेळाव्याच्या खुर्चीवरच जन्म नोकरीत घालवलेला एक माणूस बसला होता. हे मी शेठना ऐकवलं. ते म्हणाले, "सर्जन होता ना? मग चालतं."

घरी मात्र मला चालवून घेणारी व्यक्ती वेगळ्या धातूची आहे.

बायको ब्लाऊज शिवते. पूर्वी साधे शिवायची; सहा-सात वर्षांपासून आरी वर्क करते. पुढच्या खोलीत लाकडी फ्रेमवर कापड ताणून बांधलेलं असतं, ढोलकीला कातडं असतं तसं. वरून हुकाची सुई कापडात जाते, खालून डावा हात तिला दोरा देतो, तो हात दिसत नाही, आणि वर मोराच्या मानेचा एकेक टाका उमटत जातो. मोराच्या मानेला निळ्याच्या पाच छटा लागतात म्हणे. दुकानात तीनच मिळाल्या तर ती बस पकडून भुसावळला जाते. लग्नसराईत तिच्याकडे नंबर लावावा लागतो. एका ब्लाऊजचे अडीच हजार, नवरीचा असेल तर त्याहून जास्त, आणि नियम एकच : निम्मे पैसे आधी. त्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही, मग गिऱ्हाईक सख्खी नणंद का असेना. माझी बहीण याची साक्ष देईल.

लेकीची शिकवणीची फी, फ्रिजचा हप्ता, माझी पुस्तकं हे सगळं या फ्रेमवरून येतं. कंसातल्या डाळ मिलने वरणभाताची सोय होते, एवढंच. हे फॉर्मवर कुठेच आलं नाही, कारण 'आईचा व्यवसाय' या रकान्यात लेकीने 'गृहिणी' लिहिलं. कंससुद्धा नाही. बायकोने ते वाचलं आणि म्हणाली, "बरोबर आहे," आणि सुईत दोरा घातला.

मला दर दोन-तीन वर्षांनी नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक व्हायचा झटका येतो, बहुतेक पाडव्याच्या आसपास, शेठने पगारवाढ केली नाही की. अशा वेळी मी तिला खान्देशातल्या थोर माणसांची उदाहरणं देतो. आपल्याकडे त्यांची कमी नाही. अडचण एवढीच की ती पण खान्देशातलीच आहे, धुळ्याची.

एकदा मी केकी मूस काढले. चाळीसगावला स्टेशनजवळच्या बंगल्यात त्या माणसाने जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेतलं आणि टेबलावर वस्तू मांडून असे फोटो काढले की जगभरातून बक्षिसं आली. "बघ, कलेसाठी माणूस घराबाहेर पडला नाही!" ती म्हणाली, "त्यांनी लग्न केलं नव्हतं. हे तुम्हाला आधी सुचायला हवं होतं. आणि बक्षीस राहू द्या, तुम्ही घराबाहेर पडला नाहीत तर दूध कोण आणेल?"

मग राम सुतार. तिच्या माहेरचे, धुळ्याजवळच्या गोंदूरचे. सुताराघरी १९२५ साली जन्म. पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या मूर्तींची डागडुजी केली, मग दिल्लीत सरकारी नोकरी, आणि १९५९ मध्ये राजीनामा देऊन नुसतं शिल्पकाम. "पक्की सरकारी नोकरी सोडली! आणि पुढे सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा!" ती टाके मोजत होती. मोजून झाल्यावर विचारलं, "पुतळा झाला तेव्हा ते किती वर्षांचे होते?" मी म्हटलं, त्र्याण्णव. ती म्हणाली, "मग मला आत्ताच सांगा, म्हणजे तेवढा किराणा भरून ठेवते."

शेवटी हुकमी पान म्हणून मी बहिणाबाई टाकल्या. असोदा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या वाड्यात लग्न होऊन आल्या, तिशीतच वैधव्य, पदरी तीन मुलं, शेताचं काम, आणि लिहिता-वाचता येत नसताना ती गाणी. १९५१ मध्ये त्या गेल्या, मुलाने, सोपानदेवांनी, गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. एवढं सगळं मी एका दमात बोललो. फ्रेमच्या पलीकडून उत्तर आलं, "त्यांनी आधी दळलं, दळताना गायलं. तुम्हाला आधी गायचं आहे, आणि दळायला मी."

मी म्हटलं, मी तर एकोणीस वर्षं दळणाच्याच धंद्यात आहे! पण हा युक्तिवाद मलाच पटला नाही. जात्याला एक लय असते, माणूस थांबला की जातं थांबतं. आमची मोटर तिच्या मर्जीने चालते आणि तिच्या आवाजात ओवी तर सोडाच, शेठची शिवीसुद्धा ऐकू येत नाही. माझं लिखाण जे काही होतं ते लाइट गेल्यावर होतं. महावितरणचे माझ्या साहित्यावर फार उपकार आहेत.

श्रावणात कानबाईच्या सणाला आम्ही धुळ्याला जातो. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर एसटीने. रेल्वेने जायचं तर चाळीसगावला वळसा घालावा लागतो आणि तेवढ्या वेळात कादंबरी होईल. सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. कानबाई बसवून झाली, आरती झाली की ते मला दरवर्षी शेजारी बसवून घेतात.

"जवाई, आते काय लिखतस?"

"कथा."

"सत्यनारायणनी?"

"नाही, दुसरी."

त्यावर ते थोडा वेळ गप्प बसतात आणि खरा प्रश्न विचारतात, "यानावर पोट भरस का?" मी हसतो, सासूबाई पानात आणखी खीर वाढतात. धुळ्याला तेच उत्तर मानलं जातं.

परतताना मी धुळ्याच्या तुरुंगाचा विषय काढला. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, विनोबांनी तिथे गीतेचे अठरा अध्याय सांगितले आणि कैदी म्हणून तिथेच असलेल्या साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून आलं. मी खिडकीशी बसून स्वप्न बघत होतो : अठरा रविवार, नात्यात लग्न नाही, लाइटबिल नाही, कुणी 'जरा गॅसचा नंबर लावा' म्हणत नाही, दोन वेळची भाकर सरकारची. बायको मांडीवर डबा सांभाळत म्हणाली, "तिथे पण कैद्यांना दळायलाच लावायचे ना?"

पारोळ्यापर्यंत मी काही बोललो नाही. पारोळ्याला बस दहा मिनिटं थांबली. फलाटावर एक बाई बॅग घेऊन उभी होती, बसकडे बघत. चढतही नव्हती, मागेही फिरत नव्हती. कंडक्टरने घंटी मारली तरी तशीच.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये लाइट गेली तेव्हा एका बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर ती बाई उतरवली. पान भरलं, लाइट आली, मोटर सुरू झाली, इंदूरची गाडी लागली आणि घाईत ते पान बिलाबरोबर इंदूरला गेलं. शेठना कळलं असतं तर त्यांनी ते वाहतूक खर्चात धरलं असतं.

चार दिवसांनी, रविवारी रात्री, फोन आला. इंदूरच्या व्यापाऱ्याकडचे मुनीम. तिकडच्या जुन्या मराठी घरातले, वयस्कर, बोलण्यात हिंदीची गोडी. मी फोन स्पीकरवर ठेवला, कारण दोन्ही हातांनी फ्रेमचं टोक धरलं होतं. बायको नवरीच्या बाहीवर मोराचा पिसारा उतरवत होती आणि कापड ढिलं पडून चालणार नव्हतं.

"कट्टे बरोबर भरले," मुनीमजी म्हणाले, "दोन फाटले होते, पण ते जाऊ द्या. त्या पारोळ्याच्या स्टँडवरच्या बाईचं काय झालं? गाडीत बसली की नाही?"

इतकी वर्षं लिहितोय. बाईचं पुढे काय झालं, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. संपादकांनीसुद्धा नाही. माझ्या हातातली फ्रेम हलली, बायकोने डोळे वटारले.

"अजून लिहायचं आहे," मी म्हटलं.

"मग असं करा, पुढच्या गाडीबरोबर पुढलं पान पाठवून द्या. बिलाच्याच मागे चालेल."

मी हो म्हणणार, इतक्यात बायको सुईवरची नजर न काढता म्हणाली, "निम्मे पैसे आधी, म्हणावं."