चौथा बोल्ट कसा सोडवावा

नाथसागराचे फुगवट्याचे पाणी शेवगाव-नेवासे तालुक्यांत जिथवर येते, तिथे उन्हाळ्याचा एक विधी ठरलेला आहे. पाणी मागे सरते आणि त्याच्या मागे मोटार. मोटार सरकवायची तर पाइप वाढवायचा, पाइप वाढवायचा तर फ्लँज सोडायची आणि फ्लँजला बोल्ट चार. तीन सुटतात. प्रस्तुत मार्गदर्शन चौथ्यापुरते आहे.

आधी बोल्टाची बाजू समजून घ्यावी. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि आट्यांमध्ये जागा नखाएवढीही नसते. मग भावकीच्या बांधावर होते तेच तिथे होते : दोघे एकमेकांत घुसून बसतात, हलत कोणीच नाही.

साहित्य : रिंग पाना, पान्याला जोडायला दीड हात पाइप, हातोडा, डिझेल आणि काठावर बसणारे किमान तीन इसम. इसम आणावे लागत नाहीत. पाना शेजाऱ्याकडून आणावा लागतो; तो गेल्या वर्षी आपल्याकडूनच गेलेला असतो.

डिझेल सोडून रात्रभर थांबावे. उपाय खात्रीचा आहे, पण कोणी केल्याचे ऐकिवात नाही. दहा मिनिटांत ‘मुरलं असंल आता’ म्हणून पाना लागतो. तो स्लायडिंग असला की नटाचे सहा कोपरे झिजतात आणि पुढे छिन्नीच उरते.

जाणकार आधी किंचित आवळून बघतात. गंजाची पकड तिथे मोडते. मात्र हे काठाच्या देखत करू नये. ‘आरं, आवळतो का सोडतो?’ म्हणत अख्खा काठ खाली उतरतो.

हातोडा बोल्टाच्या डोक्यावर मारावा, फ्लँजवर नाही. फ्लँज बिडाची, बीड वाकत नाही, तडकते. तडकली की तिघे इसम एका सुरात ‘म्हणलं नव्हतं?’ म्हणतात. म्हटलेले कोणीच नसते.

शेवटचा उपाय गॅस. बोल्ट सोडून नुसता नट तापवावा, म्हणजे तो फुगून सैल होतो. आधी डिझेल पुसावे आणि इसमांना मागे सारावे, मिशीवाल्यांना सर्वांत आधी. आतला रबरी वायसर वितळतोच. त्याचे दुःख करू नये.

समुद्रावर शिडाची होडी बाळगणाऱ्यांचेही फार बरे चाललेले नाही. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचा स्क्रू असला आणि खारे पाणी लागले की दोन धातूंची बॅटरीच तयार होते. ॲल्युमिनियम खंगते, त्याची पांढरी भुकटी स्क्रूला गच्च धरते. आपला गंज निदान तांबडा, लांबून दिसतो तरी.

तिसऱ्या दिवशी, लाइट रात्रपाळीला गेलेली असताना, बॅटरीच्या उजेडात बोल्ट सुटतो. नवा बसतो. ग्रीसचा डबा घरी राहिलेला असतो. मोटार पंधरा हात खाली जाते, पाणी चढते, आणि आठवड्याने नाशकात धो धो पाऊस झाल्याची बातमी येते.

आता मोटार वर घ्यायची आहे.