पंचांसमक्ष बर्फ

ख्रिसमसच्या शुभेच्छापत्रावर हटकून एक घोडा असतो. बर्फात उभा, मागे लाल लाकडी तबेला, खिडकीत पिवळा दिवा, छपरावर हातभर पांढरा थर. त्या घोड्याला पाणी कोण पाजतं, याची चौकशी चित्रकाराने केलेली नसते. मला ती करायची गरज पडली नाही. पाणी मीच पाजतो.

मुलगी आणि जावई अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात राहतात. अख्ख्या राज्याची वस्ती साडेसहा लाखांच्या घरात. आपल्याकडे एवढ्या माणसांतून दीड आमदार निघेल. गावाबाहेर दहा एकर जागा, एक तबेला आणि तीन घोडे असा त्यांचा संसार. मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे आल्या आल्या आधी हद्दीच्या खुणा पाहून घेतल्या. घोड्यांची इंग्रजी नावं काही तोंडात बसेनात, तेव्हा त्यांना पदनामं देऊन टाकली. थोराड, वयस्क, कुणी हाक मारली तरी मान न वळवणारा तो प्रांत. काळाभोर, देखणा, आपल्याकडे कुणी बघतंय ना याची सतत खात्री करून घेणारा तो मामलेदार. आणि तिसरं कमरेएवढं शेटलंड तट्टू. उंचीने सगळ्यात कमी, पण त्याच्यावाचून कुठलंच काम पुढे सरकत नाही. तो तलाठी.

प्रांत आणि मामलेदार दोघेही मॉर्गन जातीचे. 1961 सालापासून मॉर्गन हा व्हरमाँटचा अधिकृत राज्यप्राणी आहे. या जातीचा मूळपुरुष 1789 साली जन्मलेला एक बुटका घोडा. जस्टिन मॉर्गन नावाच्या शाळामास्तरांना तो म्हणे थकलेल्या येण्यापोटी मिळाला होता. वसुलीत मिळालेल्या जनावरातून एवढं मोठं खानदान उभं राहिलेलं मी प्रथमच ऐकलं. आमच्याकडे जप्तीची म्हैस लिलावापर्यंतसुद्धा धड टिकत नसे.

तर ही मंडळी आणि आम्ही, डिसेंबरच्या सुरुवातीला. संध्याकाळी आभाळ पत्र्यासारखं झालं. जावयाने खिडकीतून एकदा वर पाहिलं आणि म्हणाला, “पडेल.” व्हरमाँटची माणसं बोलण्यात काटकसरी, त्यात आमचे जावईबापू म्हणजे राखीव निधी. रात्री पडायला लागला तेव्हा म्हणाले, “पडतोय.” सकाळी दार ढकलून उघडावं लागलं, तेव्हा काहीच बोलले नाहीत.

मी नातीच्या दप्तरातली फूटपट्टी घेऊन अंगणात उतरलो. “अहो, मफलर!” असा आवाज मागून आला, पण शासकीय कामात मफलरचा अडथळा नको होता. मोजमाप चौदा इंच. ढोबळ हिशेबाने दहा इंच बर्फ वितळला की इंचभर पाणी होतं. म्हणजे या सगळ्या पांढऱ्या प्रतापाचं पाणी भरलं पस्तीस मिलिमीटर. आमच्याकडे चोवीस तासांत मंडळात पासष्ट मिलिमीटर पडल्याशिवाय अतिवृष्टी धरत नाहीत. मी घरात येऊन जाहीर केलं की प्रकरण मदतीस पात्र नाही. त्यावर मुलीने माझ्या हातात फावडं दिलं.

रात्रभर घरात झोप कुणालाच नव्हती. घोडे कुडकुडत असतील, या काळजीने मुलगी दोनदा बॅटरी घेऊन तबेल्यात जाऊन आली. सकाळी पाहतो तर तबेल्याची दारं सताड उघडी, आत कोरडं अंथरूण आणि भरलेली गव्हाण, आणि तिघेही बाहेर बर्फात, वाऱ्याकडे पुठ्ठे करून निवांत उभे. मामलेदार तर रवंथ करावा तसा खालचा ओठ लोंबता सोडून डुलकी काढत होता. पाठीवर बर्फाचा बोटभर थर, पण घामाचा किंवा ओलीचा टिपूस नाही. मला वाटलं, जनावर गारठून गेलं. जावयाने मान हलवली. “उलट आहे,” तो म्हणाला.

खरोखरच उलट होतं. घोड्याचा हिवाळी केसाळ कोट थंडीची वाट बघत बसत नाही. दिवस लहान व्हायला लागले की तो आपसूक वाढू लागतो. थंडी वाजली की केस उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते आणि अंगातली ऊब बाहेर येतच नाही. म्हणून पाठीवरचा बर्फ वितळत नाही. तो वितळू लागला, तर मात्र काळजी करायची. मी जवळ जाऊन मामलेदाराच्या काळ्या पाठीकडे वाकून पाहिलं. केसांच्या टोकांवर एकेक कण अलगद बसला होता, पडला तसाच. सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीला बारीक काटेरी फांद्या, एकीचं माप दुसरीला तंतोतंत. इथून जवळच्या जेरिको गावातल्या विल्सन बेंटले नावाच्या शेतकऱ्याने 1885 साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून असल्याच एका कणाचा फोटो काढला आणि मग आयुष्यभर हाच उद्योग केला. पाच हजारांवर फोटो. प्रत्येक कणाचा वेगळा सातबारा काढणारा माणूस! मी टोपी काढली असती, पण “अहो, टोपी!” असाही आवाज आला असता.

थंडी वाजू नये म्हणून घोड्याला चंदी वाढवायची, अशी माझी समजूत होती. इथे वैरण वाढवतात. वाळलेलं गवत घोड्याच्या आतड्यात आंबत राहतं आणि त्या आंबण्याची उष्णता अंगाला मिळते, म्हणजे चूल पोटातच. आमची चूल मात्र बाहेर होती आणि तिच्याभोवती सगळा घोळ झाला. कुठेतरी झाड पडून वीज गेली. वीज गेली की विहिरीचा पंप बंद आणि घोड्यांच्या टाकीतला पाणी न गोठू देणारा हीटरही बंद. जनरेटरवर पंप तेवढा चालला, हीटर नाही. टाकीवर बर्फाचा पापुद्रा धरला, तो फोडला, की तासाभरात पुन्हा जाडजूड.

घोडा दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी पितो. पण पाणी फार गार झालं की तो पिणं आखडतो, आणि वर कोरडं गवत मात्र खातच राहतो. मग पोटात ते तुंबतं आणि पोटशूळ उठतो. घोड्याचा पोटशूळ ही चेष्टेची गोष्ट नाही, जनावर हातचं जातं. मी सुचवलं, आजूबाजूला एवढा बर्फ आहे, खातील की. मुलगी म्हणाली, “बाबा, बादलीभर पाण्याला दहा बादल्या बर्फ खावा लागेल. तुम्ही खाल?”

तेव्हा लाकडांच्या शेगडीवर पातेली चढली. मी आणि आमच्या सौ. कोमट पाण्याच्या बादल्या घेऊन गुडघाभर बर्फातून तबेल्याच्या फेऱ्या मारू लागलो. आमचं गाव दौंडकडचं, भीमेच्या काठी. भीमथडीची तट्टं कुठकुठल्या नद्यांचं पाणी पिऊन आली, हे ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. ती पाणी कोमट आहे का विचारत असत, असं बखरीत निदान माझ्या तरी वाचनात नाही. इथे प्रांतसाहेबांनी बादलीत नाक बुडवलं, वर काढलं, मिशांवरचे थेंब माझ्या कोटावर झटकले आणि तोंड फिरवलं. पुरेसं कोमट नव्हतं. बादली परत गेली. दुसऱ्या खेपेला त्यांनी एका दमात अर्धी बादली संपवली. सौ. म्हणाल्या, “लग्नात तुमचे काका असेच चहा परत पाठवायचे.”

दुपारी मामलेदार एकाएकी उंच दिसू लागला. चालही बिघडली, टाचांचे बूट घालून प्रथमच समारंभाला निघाल्यासारखी. बाकी दोघांचे नाल हिवाळ्यापुरते काढून टाकले होते, याचे राहिले होते. नालाच्या पोकळीत बर्फ दाबला जातो, तो घट्ट होतो आणि चारी खुरांखाली चार गोळे तयार होतात. मुलीने एकेक पाय उचलून खूर साफ करायच्या आकड्याने गोळे उकरून काढले आणि मग स्वयंपाकघरातून तव्यावर मारायचा तेलाचा फवारा आणून तळव्यांना मारला, म्हणजे बर्फ चिकटत नाही. हे पाहून सौ. जागच्या जागी थिजल्या. माझ्या पोह्यांना दोन चमचे तेल मोजून घालणारी ही बाई आता घोड्याच्या पायाखाली खाद्यतेलाचा सडा पाहत होती. “फोडणी कधी देताय?” एवढंच त्यांनी विचारलं.

वयाचा मान राखून प्रांताला झूल घातली होती. त्याच दिवशी पुतण्याने फोनवर सारंगखेड्याच्या यात्रेचं चित्रीकरण पाठवलं होतं. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारा तो घोडेबाजार, गोंडे लावलेल्या झुली, हलगीवर नाचणारे घोडे. इथली झूल म्हणजे बकलं लावलेली ताडपत्री. ती तलाठ्याने अर्ध्या तासात दातांनी मागच्या बाजूने फाडली. वरिष्ठाला सवलत आणि आपल्याला नाही, हे कुठल्याच कार्यालयात खपत नाही.

तलाठ्याचा खरा पराक्रम दुसऱ्या दिवशीचा. वीज आली होती, कुंपणाच्या तारेतही आली होती. पण तारेचा झटका बसायला तारेतून जनावरात आणि जनावरातून जमिनीत प्रवाह जावा लागतो. पायाखाली भुसभुशीत कोरडा बर्फ असला की तो नीट जमिनीत पोहोचत नाही. हे विज्ञान मला जावयाने समजावून सांगितलं, तलाठ्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्याने नाकाने तार चाचपली, खाली मान घातली आणि सरळ पलीकडे गेला. सापडला तो गवताच्या कोठारात. अतिक्रमण नियमित करून मागत असल्यासारखा चेहरा.

एवढ्यात रस्त्यावरून सरकारी नांगर गेला. जावयाने सकाळभर खपून फाटक मोकळं केलं होतं. नांगराने रस्त्यावरचा सगळा बर्फ उचलून बरोबर फाटकात लावला, कंबरभर उंच, चांगला दाबून. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

पूर्वी इथे बर्फ काढतच नसत. घोडे जुंपलेला लाकडी रोलर फिरवून रस्त्यावर दाबून घेत, कारण स्लेज गाडीला बर्फच लागतो. व्हरमाँटमध्ये छपराचे लाकडी पूल अजून शंभराच्या आसपास आहेत. छपरामुळे आत बर्फ पडायचा नाही आणि कोरड्या फळ्यांवर स्लेज अडायची, म्हणून गाव मजूर लावून पुलावर बर्फ टाकून घ्यायचं! ‘पुलावर बर्फ टाकणे’ या नावाखाली मजुरी खर्ची टाकायची आणि उन्हाळ्यात तपासणीला साहेब आले की पुरावा वाहून गेलेला. इतकं निर्दोष काम मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नाही.

नात दिवसभर ‘जिंगल बेल्स’ म्हणत होती. बर्फावर स्लेजचा आवाज होत नाही, समोरचा येऊन धडकू नये म्हणून घोड्याच्या गळ्यात घुंगरं बांधत, त्या घुंगरांचं हे 1857 सालचं गाणं. त्यात ख्रिसमसचा उल्लेख एकदाही नाही, हे मी तिला सांगितल्यावर ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही सगळ्यात चुका काढता.” मग तिची समजूत काढायला तलाठ्याच्या गळ्यात घुंगरं बांधली आणि मागे प्लास्टिकची रिकामी स्लेज जोडली. तो मोठ्या दिमाखात निघाला, गवताच्या कोठारापाशी थांबला आणि तिथेच त्याने मुक्काम टाकला.

आणि ख्रिसमस दोन दिवसांवर आला असताना पाऊस लागला. हवा उबदार झाली, छपरावरचा बर्फ धाडधाड घसरून खाली आला, अंगणाचा चिखल झाला. बर्फाच्या नावाने इतके दिवस कण्हणारी सगळी मंडळी आता खिडकीशी सुतकी चेहऱ्याने बसली. पांढरा ख्रिसमस हुकणार! इथल्या हवामान खात्याचा नियम असा की पंचवीस तारखेच्या सकाळी जमिनीवर किमान एक इंच बर्फ हवा. नात माझ्याकडे फूटपट्टी घेऊन आली. “आजोबा, तुम्ही मोजा ना.”

एक इंच म्हणजे काय मोठीशी अट! पन्नास पैशांच्या आतबाहेर पैसेवारी बसवण्यात ज्याची हयात गेली, त्याला नमुना कुठल्या शिवारात घ्यायचा हे शिकवायला नको. लिदीच्या ढिगाशेजारी मोजलं तर शून्य, तो ढीग आतून गरम असतो. तबेल्याच्या उत्तरेला, जिथे ऊन पोहोचत नाही आणि छपरावरचं सगळं येऊन पडलेलं असतं, तिथे पावणेदोन फूट. मी रंगीत तालीम म्हणून दोन दिवस आधीच उत्तरेच्या बाजूला पट्टी रोवली आणि वहीतलं पान फाडून रीतसर मजकूर लिहिला: पंचांसमक्ष प्रत्यक्ष मोजणी केली असता पांढरा ख्रिसमस असल्याचे निदर्शनास आले. पंच क्रमांक एक, मामलेदार. पंच क्रमांक दोन, तलाठी. मामलेदाराने कागद हुंगला आणि तटस्थ राहिला. नुकताच चिखलात लोळून आलेला तलाठी मात्र पुढे झाला, त्याने मजकूर एकदा नाकासमोर धरला आणि सही करायच्या जागेपासून खायला सुरुवात केली.