लायसन्ससकट फुल पॅकेज

निकालाचे पेढे संपायच्या आत वसई-विरारच्या घराघरांत दोन चौकशा सुरू होतात. एक, ‘क्लास कुठला लावताय?’ आणि दोन, ‘गाडी कुठे शिकवताय?’

पहिल्या चौकशीला आई-बाबा जोडीने जातात, इस्त्रीचे कपडे घालून जातात. काउंटरवरच्या मॅडम दोन वर्षांच्या फीचा लाखांतला आकडा सांगतात, तेव्हा बाबा मान डोलावतात आणि ‘हप्ते करून मिळतील का?’ एवढंच अदबीने विचारतात. दुसऱ्या चौकशीला बाबा एकटेच जातात, तेही दूध आणायला निघालेले असताना. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या बोर्डावर पाच हजार लिहिलेले असतात. बाबा पिशवी दुसऱ्या हातात घेतात आणि म्हणतात, ‘साडेतीनला करा. आणि लायसन्स त्यातच आलं ना?’

जेईईत उत्तर चुकलं की एक गुण कापला जातो, म्हणून त्याची तयारी दोन वर्षं. हायवेवर वसई फाट्याला चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून तिथे दीडेक हजारासाठी घासाघीस. हिशेब चोख आहे.

पालकांची ही धावपळ वाचावी, म्हणून या सदराने एक तुलनात्मक दरपत्रक तयार केलं आहे. आकडे गल्लीगल्लीत थोडे वर-खाली होतील.

पर्याय पहिला: मित्राची स्कूटर. फी शून्य.

हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय अभ्यासक्रम. प्रवेशाचं वय साधारण चौदा. नालासोपाऱ्यात आचोळे रोडवर किंवा विरारला बोळींजकडे संध्याकाळी क्लास सुटण्याच्या वेळी उभं राहिलं, की याची प्रात्यक्षिकं पाहायला मिळतात. एका स्कूटरवर तिघे असतात: पुढचा शिकतो, मधला शिकवतो आणि मागचा पुढच्या बॅचसाठी नाव नोंदवून बसलेला असतो. हेल्मेट अभ्यासक्रमात नाही, केस बिघडतात.

कायद्याला या वयाची काळजी नाही असं मात्र समजू नका. मोटार वाहन कायदा १९८८ म्हणतो, की सोळा वर्षं पूर्ण झाली आणि पालकांची संमती असली, तर ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळू शकतं. आता अशी दुचाकी शोधायला बाजारात जा. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली ‘लूना’ आणली, तेव्हा ही तरतूद शोभून दिसली असती. आजची साधी स्कूटर ११० सीसीची. म्हणजे मुलाला सोळाव्या वर्षी लायसन्स मिळेल, पण ते वापरायला आजोबांच्या माळ्यावरून लूना उतरवावी लागेल. यावर आपण व्यवहारी तोडगा काढला आहे: लूनाही नको आणि लायसन्सही नको.

पर्याय दुसरा: बाबांचा क्लास. फी शून्य, खर्च वेगळा.

रविवारी पहाटे बाबा मुलाला घेऊन राजोडी किंवा कळंबच्या किनाऱ्याकडे निघतात. रस्ता मोकळा आणि माणसं कमी, हा उद्देश चांगला. पहिल्या दहा मिनिटांत गाडी आठ वेळा बंद पडते. अकराव्या मिनिटाला बाबांना स्वतःच्या वडिलांची भाषा आठवते. ‘क्लच! क्लच म्हणालो मी! तो ब्रेक आहे!’ पंधराव्या मिनिटाला गाडी मऊ वाळूत रुतते आणि अर्ध्या तासात भरती येणार असल्याचं एक कोळी काका शांतपणे सांगून जातात. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेला १७३७ ते १७३९ अशी दोन वर्षं लागली. बाबांच्या हाफ क्लच मोहिमेला त्याहून कमी वेळ लागल्याचं ऐकिवात नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर हा पर्याय चुकीचा नाही. मूल अठरा पूर्ण असावं, त्याच्याकडे लर्निंग लायसन्स असावं, गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ असावा आणि शेजारी पक्कं लायसन्सवाला माणूस गाडी थांबवू शकेल असा बसलेला असावा. यातली शेवटची अट बाबा आरडाओरड करून पूर्ण करतात, कारण त्यांच्या पायाखाली ब्रेक नसतो. खर्चाच्या बाजूला क्लच प्लेट, एक बंपर, वाडीच्या कुंपणाचे दोन खांब आणि घरातलं तीन आठवड्यांचं अबोला-भाडं धरावं.

पर्याय तिसरा: मोटार ट्रेनिंग स्कूल. फी चार-पाच हजारांपासून पुढे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सांगतात, की खासगी गाडीचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं असावं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास व्हावं. शिकवणाऱ्या गाडीला दुहेरी नियंत्रण हवं. कुठल्या विद्यार्थ्याने कधी किती तास चालवली, याची नोंदवही हवी. नियम वाचताना डोळे भरून येतात.

बाजारात हे प्रशिक्षण किलोमीटरवर विकलं जातं: ‘रोज पाच किलोमीटर, वीस दिवस.’ इथे वसई-विरारचा भूगोल मदतीला येतो. संध्याकाळी सातला आचोळे रोडवर पाच किलोमीटर चालवायचे म्हटलं, तर रिक्षा, हातगाड्या, खड्डे आणि पाण्याचे टँकर यांच्या कृपेने तासभर सहज जाईल. वीस दिवसांत वीस तास, म्हणजे नियमाच्या दुप्पट! पण मास्तर हुशार. ते पोराला सकाळी सहाला बोलावतात, जेव्हा पाच किलोमीटर बारा मिनिटांत उरकतात. वीस दिवसांचे चार तास. अशा रीतीने विद्यार्थी रिकाम्या रस्त्यावर शिकतो आणि भरलेल्या रस्त्यावर सोडला जातो.

त्यातही गाडीत तिघे-चौघे. एक चालवतो, बाकीचे मागे बसून मोबाइल बघतात; त्यालाही क्लासच म्हणतात. मास्तरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर कायम असतो, त्यामुळे गाडी वेळेवर थांबते आणि ती आपणच थांबवली असं पोराला शेवटपर्यंत वाटत राहतं. हा भ्रम अंबाडीच्या उड्डाणपुलावर दूर होतो. पूल चढता चढता कोंडी लागते, मागे टँकर चिकटलेला असतो, पुढची गाडी हलते आणि आपली मागे घसरू लागते. आरटीओ साहेबांची ट्रायल त्यापुढे बालवाडी. हाफ क्लचची खरी परीक्षा हीच, आणि तिची तयारी कुठल्याही पॅकेजमध्ये नसते.

पर्याय चौथा: ‘तुम्ही फक्त आधार द्या.’ फी माणूस बघून.

इथे मुळात शिकण्याचा त्रासच नाही. सरकारी दर आधी पाहू. लर्निंग लायसन्स १५० रुपये, त्याची परीक्षा ५० रुपये, गाडीची ट्रायल ३०० रुपये, पक्कं लायसन्स २०० रुपये. एका प्रकारच्या गाडीचे झाले ७००. त्यावर किरकोळ सेवाशुल्क. एवढ्या पैशांत आजकाल चौघांची पावभाजी होते. तरीही आपण या ७०० साठी एजंटला आनंदाने काही हजार मोजतो, कारण लाइन लागते, साइट हँग होते, आणि विरार पूर्वेला चंदनसारच्या आरटीओपर्यंत जाण्यापेक्षा चर्चगेटला उभ्याने जाणं सोपं वाटतं.

राज्यात जून २०२१ पासून लर्निंगची परीक्षा आधारच्या आधारे घरबसल्या देता येते. हेतू असा, की नागरिकाचा हेलपाटा वाचावा. नागरिकाने आणखी पुढे जाऊन परीक्षेचाही हेलपाटा वाचवला. एकाच्या नावाची परीक्षा दुसऱ्यानेच दिल्याच्या बातम्या राज्यभरातून येऊन गेल्या. झेब्रा क्रॉसिंग म्हणजे काय हे मग परीक्षा देणाऱ्याला ठाऊक असतं आणि गाडी भलताच चालवतो. आई-बाबा मात्र समाधानी: ‘एकदाही जावं लागलं नाही हो!’ बारावीच्या पेपरला असं कोणी अभिमानाने सांगितलं असतं का?

पर्याय पाचवा: मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्र. फी ऐकून बाबा पाणी मागतात.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले: हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तास, त्यातले ८ तास वर्गात आणि २१ तास प्रत्यक्ष. सिम्युलेटर हवा, चाचणीचा ट्रॅक हवा, आणि इथून पास झालेल्याला आरटीओत पुन्हा ट्रायल द्यावी लागत नाही. अट एकच बोचरी: हलक्या वाहनांच्या केंद्रालाही किमान एक एकर जागा लागते. वसई-विरारमध्ये एक एकर मोकळी जागा! तिथे गाडी वळवायला शिकवण्याआधी सात मजल्यांच्या तीन विंग उभ्या राहतात आणि ब्रोशरवर लिहिलं जातं, ‘ॲम्पल पार्किंग.’ मग ते ॲम्पल पार्किंग शोधत आपण रोज सोसायटीबाहेर रिव्हर्स शिकतो.

पर्याय सहावा: परदेश. तुलनेसाठी.

जर्मनीत गाडीचं लायसन्स काढायचं तर दीड-दीड तासाचे १४ वर्ग सक्तीचे. त्याशिवाय गावाबाहेरचे रस्ते, महामार्ग आणि रात्र यांच्या मिळून १२ खास फेऱ्या वेगळ्या. सगळा खर्च तीन हजार युरोच्या आसपास जातो. वसईतल्या बाबांची प्रतिक्रिया ठरलेली: ‘तीन लाखांत इथे सेकंडहँड गाडी येते!’ येते ना. आणि चालवायला न शिकलेला मुलगाही घरचाच असतो.

न्यू जर्सीत, एडिसनच्या मराठी घरांत, पोरगी सोळाची झाली की लायसन्सधारक ड्रायव्हिंग शाळेत सहा तास गाडी चालवल्यावरच तिचा शिकाऊ परवाना सरावासाठी ग्राह्य धरला जातो. पुढे कित्येक महिने ती मोठ्यांच्या देखरेखीखालीच चालवते. एकवीस वर्षांखालच्या अशा नवशिक्यांच्या नंबरप्लेटवर लाल खूण लावावी लागते, म्हणजे पोलिसाला लांबूनच कळतं. आपल्याकडे ‘एल’चा लाल कागद पहिल्या पावसात वाहून जातो आणि नंबरप्लेटवर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ उरतो. तो उरतो कारण गाडी खरोखर त्यावरच चालत असते.

आता एकूण बिल.

दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत अटी असतात. या दरपत्रकातली अट मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ मध्ये आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून ते लागू आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी मानला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि मुलाला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लर्निंगसुद्धा नाही. म्हणजे पर्याय पहिला, ज्याची फी शून्य होती, तो या यादीतला सर्वांत महाग निघतो. मुलाच्या बायोडेटात ‘इंजिनियर, स्वतःचा फ्लॅट, निर्व्यसनी’ यांच्या खाली ‘गाडी चालवण्यास २५ पर्यंत बंदी’ अशी ओळ घालावी लागेल. वरातीला घोडा आहेच, पण पुढे संसारात काय?

शिवाय समोरच्याला इजा झाली, तर नुकसानभरपाई विमा कंपनीने आधी भरावी आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावी, असे आदेशही न्यायाधिकरणं देतात. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात किल्ली देताना ‘जा, पण लवकर ये’ म्हणणारी आई त्या क्षणी एका कोऱ्या चेकवर सही करत असते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या आलिशान गाडीने दोन तरुण इंजिनियरांचे प्राण घेतले. बाल न्याय मंडळाने त्याला आधी जामीन दिला, तेव्हाच्या अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता. महाराष्ट्र खवळला, आदेश बदलला. तेव्हा वसई-विरारच्या व्हॉट्सॲप गटांवरही संतापाचा पूर आला. ‘श्रीमंतांची पोरं!’, ‘बापाला आत टाका!’ असं लिहून झाल्यावर गटातल्या कित्येकांनी मोबाइल खाली ठेवला आणि आपल्या नववीतल्या चिरंजीवांना हाक मारली: ‘अरे, स्कूटर घे आणि कोपऱ्यावरून अर्धा किलो साखर घेऊन ये.’ त्यांच्या मते अपघात फक्त आलिशान गाडीचा होतो. साखर आणायला गेलेल्या स्कूटरवर कलम लागत नाही. पण २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा होता.

गंमत अशी, की या दरपत्रकाची चौकशी करणाऱ्या एकाही पालकाने आजवर ‘त्याला गाडी येईल ना?’ असं विचारल्याचं कुठल्या मास्तरांच्या आठवणीत नाही. विचारतात ते एवढंच: लायसन्स किती दिवसांत, सुट्टी बुडाली तर भरून देता का, आणि भावाला शिकवलं तर कन्सेशन किती. आपण शिकवणी विकत घेत नाही. प्लास्टिकचं एक कार्ड विकत घेतो आणि त्यावरचा फोटो चांगला आला की खूश होतो. मास्तर बिचारे मागणी तसा पुरवठा करतात.

म्हणून पालकहो, पुढच्या वेळी दुधाची पिशवी घेऊन मोटार ट्रेनिंग स्कूलच्या काउंटरवर उभे राहाल, तेव्हा घासाघीस जरूर करा, पण रुपयांची नको, तासांची करा. दहा तास प्रत्यक्ष स्टिअरिंगवर मिळतील का? त्याची नोंदवही दाखवाल का? संध्याकाळच्या गर्दीत, पावसात, रात्री एकदा तरी चालवून घ्याल का? पुलावर चढावात गाडी थांबवून उचलून दाखवेपर्यंत सोडणार नाही ना? या चार प्रश्नांची ‘हो’ अशी उत्तरं देणारा मास्तर हजार-दोन हजार जास्त मागत असेल, तर ते द्या. तुमच्या क्लासवाल्या मॅडमच्या एका हप्त्याच्या मानाने ती रक्कम काहीच नाही.

आणि या सगळ्या यादीत खरोखर फुकट अशी गोष्ट एकच आहे: मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत किल्ली आपल्याच खिशात ठेवणं. साखर चालत जाऊनही आणता येते.