बुलेटचं माहेरपण

बर्मिंगहॅम, जानेवारी

ती. सौ. आईंना,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. परवा फोनवर तुम्ही विचारलंत ना, मागे कोण धुणं आपटतंय म्हणून? ते धुणं नव्हतं. तुमचे चिरंजीव गाडीला किक मारत होते.

गाडी म्हणजे यांनी दिवाळीत हौसेनं घेतलेली जुनी बुलेट ३५०. मद्रासला बनून बोटीनं इकडे आलेली. एनफिल्डचा मूळ कारखाना रेडिचला, आमच्यापासून फार लांब नाही. तो १९६७ साली बंद पडला, पण मद्रासला १९५५ पासून बुलेट बनतेय ती बनतेच आहे. तेव्हा यांचं म्हणणं, गाडी माहेरी आली. आली खरी; पण माहेरी आलेली लेक उन्हं वर आल्याशिवाय उठत नाही, आणि इथे जानेवारीत उन्हं वर येतच नाहीत.

शेजारी एक आजोबा आहेत. तरुणपणी त्यांच्याकडेही असलीच गाडी होती. पहिले काही दिवस ते कुंपणापलीकडून नुसतं "छान सकाळ आहे" म्हणायचे. नंतर राहवेना, तेव्हा चहाचा मग घेऊन सपातांवरच इकडे आले. त्यांनी सांगितलं ते मला कळलं, यांना नाही. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, आणि ठिणगीला तर वाफच लागते. म्हणून चोक लावून इंजिनाला जादा पेट्रोल द्यायचं. ते इंजिन स्वतःच्या ओढीनं घेतं. आपण ॲक्सिलेटर पिळला की ओढ मोडली, पेट्रोल गेलं. थोडक्यात, चोक लावल्यावर उजवा हात गप्प ठेवायचा.

आता आपल्या घरातल्या पुरुषांचा हात कधी गप्प राहिलाय का? नानांची चेतक आठवा. आधी स्कूटर आडवी करायची, मग किक आणि रेस एकदमच. तेच बाळकडू!

शिवाय बुलेटचं सोवळं मोठं. किल्ली फिरवायची, मग किक कडक लागेपर्यंत हळूच दाबायची. आमीटरचा काटा मध्यावर आला की डाव्या हाताची छोटी दांडी ओढून किक जराशी पुढे सरकवायची, दांडी सोडायची आणि मग सगळा भार टाकून एकच किक. काटा न बघता मारली तर किक उलटी येते. आंबेहळदीची पुडी त्यातच संपली, येणाऱ्या कुणाबरोबर नवी पाठवा.

प्लगचं तर विचारूच नका. गरम प्लगनं गाडी लवकर उठते, असं आजोबा बोलून गेले. दुसऱ्या दिवशी मी पोळ्यांना तवा ठेवून कणीक घ्यायला वळले, तर तव्यावर प्लग. वर मलाच म्हणतात, "परतू नकोस, एकाच बाजूनं तापू दे."

मग निघालं शिळ्या पेट्रोलचं. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी धरतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत चिकटा धरतो आणि जेटचं केसाएवढं भोक बुजतं. आजोबा म्हणाले, वाटी रिकामी करा. तुमच्या हाताखाली वाढलेल्या मुलाला शिळं टाकणं कसं जमणार? शेवटी मीच ओतलं.

तरी ॲक्सिलेटर पिळणं सुटेना. मग मीच पुढे झाले आणि दोन्ही हातांनी यांचं उजवं मनगट घट्ट धरून ठेवलं. भर रस्त्यावर, आजोबांसमोर! समोरच्या बाईंनी पडदा ओढून घेतला. काय समजल्या कोण जाणे. पण गाडी धडधडली. मिनिटाभरानं चोक काढायला लावला, नाहीतर प्लग काजळतो.

बाकी ठीक. चिमी अभ्यास करते. नानांना नमस्कार.

आपली,
सूनबाई

ता. क. : आता नवीनच. सुरू झालेली गाडी हे बंदच करत नाहीत, पुन्हा उठली नाही तर म्हणून. दूध आणायला गेलो तरी ती दुकानाबाहेर धडधडत उभी. इथे गाडी चालू ठेवून सोडून जाणं कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून राखणीला मी. हे आत जाऊन दुधाबरोबर बिस्किटांचे भावही बघतात. नानांचा जुना मफलर पाठवा, माझ्यासाठी.