विणेकरी

हळद शिजवून वाळवून झाली की हिंगोली जिल्ह्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताहाचे मांडव पडतात आणि प्रत्येक मांडवात एक विणेकरी असतो. त्याला गाणंबजावणं येतं असा समज करून घेऊ नये. पखवाजवाल्याला बोल पाठ लागतात. पखवाजाच्या धुमेला लावायच्या कणकेसाठी आचाऱ्याची मनधरणी करावी लागते. पेटीवाल्याला कीर्तनकार महाराजांचा गळा बघून पट्टी धरावी लागते. विणेकऱ्याला मोकळ्या तारांवरून बोट फिरवायचं असतं. थांबायचं तेवढं नसतं, कारण सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. पहारा बदलला की या गळ्यातून त्या गळ्यात जाते.

तरी मान पहिला त्याचाच. मांडवात येणारा आधी वीणेला वाकतो, आणि वीणा गळ्यात असल्याने आपोआप विणेकऱ्याला वाकतो. वारकऱ्यांची रीत अशी की समोरचा पाया पडला तर आपणही त्याच्या पाया पडावं. आमचे विणेकरी बुवा ही रीत मोडत नाहीत. फक्त वीणेचा भोपळा आडवा येतो. माणूस नावडता असेल तर तो जास्तच आडवा येतो. बांधावरून ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही, तो भावकीतला मांडवात शिरला की बुवा मूर्तीच्या बरोबर समोर येऊन उभे राहतात. तो बिचारा पूर्ण वाकतो. बुवा गुडघ्यातून चार बोटं खाली येतात आणि डोळे मिटून म्हणतात, "पांडुरंग, पांडुरंग. बांधाचं काल्यानंतर बघू."

बोटं हळदीची असल्यामुळे तारा पिवळ्या पडलेल्या. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन 2024 साली मिळालं. वीणेनं ते कधीच देऊन टाकलं होतं. अधिकाराचा विषय निघालाच तर बुवा नरसीपासून सुरुवात करतात. नामदेव महाराज तिथले, म्हणजे कीर्तन आपल्याच जिल्ह्याचं. महाराजांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं तेव्हा पाठीमागे वीणा चालू होती, हेही ते पाहिल्यासारखं सांगतात.

यंदा पुण्याला शिकणाऱ्या नातवानं त्यांना मोबाइलवर जुन्या ग्रीक मडक्यावरचं चित्र दाखवलं. हातात लायर, म्हणजे कासवाच्या पाठीला तारा ताणून केलेलं वाद्य.

"कासव देवळाच्या दारात असतंय," बुवा म्हणाले. "हे लोक हातात घेऊन काहून फिरायलेत?"

नातवानं मग औलोस दाखवला. एकदम दोन पावे तोंडात. गालांना आधार मिळावा म्हणून वाजवणारे तोंडाभोवती चामड्याचा पट्टा बांधत. अथेना देवीनं पाण्यात आपले फुगलेले गाल पाहिले आणि ते वाद्य फेकून दिलं, ही कथा बुवांना फार पटली. "बाई शहाणी," म्हणाले, आणि मांडवाबाहेरच्या सनईवाल्याकडे बघितलं. तो पावा मग मार्सियस नावाच्या एकानं उचलला, अपोलो देवाच्या वीणेशी पैज लावली, हरला आणि अपोलोनं त्याची कातडी सोलली. यावर बुवा थोडा वेळ गप्प बसले. बोट चालूच होतं.

"वाजवून दाखवायला गेलं की असंच होत असतंय," ते म्हणाले.

मला हे ग्रीकांच्या एकूण संगीतशास्त्रापेक्षा खोल वाटलं. पायथागोरसनं तारेची लांबी मोजून सूर शोधले. बुवांनी तारेला हात लावून मान शोधला, आणि तोही बेसूर न होता. मोकळी तार बेसूर न व्हायला आधी कुणीतरी लावलेली असावी लागते. ते काम पेटीवाला करतो.

बुवांची खरी करामत मात्र पहाऱ्याच्या वहीत आहे. कीर्तनाची वेळ, म्हणजे गर्दीची, त्यांच्या नावावर. काल्याचा दिवस तर अख्खा. तेव्हा आमच्याकडच्या सप्ताहाला जरूर या, वीणेला वाका, पंगतीला बसा. फक्त बुवांनी वही पुढे केली की खिशात पेन नाही म्हणून सांगा. रात्री दोन ते चारचा पहारा अजून रिकामा आहे.