आठवड्याला बोटभर

कूलंटच्या मंद गळतीत मोटार ठणठणीत असते. खंगत जातो तो मालक. तापमानाचा काटा जागचा हलत नाही, एसी गार हवा देतो, ॲव्हरेजही तेच. फक्त बॉनेटखालच्या पांढरट बाटलीतला हिरवा किंवा गुलाबी द्रव दर आठवड्याला बोटभर खाली जातो आणि पार्किंगच्या फरशीवर एक थेंब सापडत नाही. फियाट आणि अँबॅसेडर बोरघाटात बॉनेट उघडून उघडउघड वाफा सोडत, डिकीतला पाण्याचा कॅन बाहेर निघे आणि सगळा मामला चारचौघांत मिटे. आताची गाडी चोरून गळते.

मालकाचा पहिला निष्कर्ष ‘उन्हाळा आहे, उडून गेलं असेल’ हा असतो. मोटारीची कूलंट यंत्रणा बंद असते, त्यामुळे काही महिन्यांत जाणवेल एवढं त्यातून काही उडत नाही. दुसरा उपाय नळाच्या पाण्याचा. कूलंट म्हणजे साधारण निम्मं पाणी, निम्मं एथिलीन ग्लायकॉल आणि थोडी गंजरोधक द्रव्यं. त्यात दर रविवारी तांब्याभर पाणी ओतत गेलं, की बाटली भरलेली दिसते आणि आत फक्त पाणीदार वरण उरतं. बोअरचं पाणी असेल तर क्षारांची पुटं वेगळीच.

थेंब न दिसण्याचं कारण रेडिएटरच्या झाकणात आहे. हे झाकण कुकरच्या शिट्टीचंच काम करतं: साधारण एक बार जादा दाब आत धरून ठेवतं, म्हणून एरवी १०७ अंशांच्या आसपास उकळणारं मिश्रण सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. भेग बारीक असेल, तर ती या दाबाखालीच पाझरते. पाझरलेला थेंब तापलेल्या धातूवर पडून जागीच सुकतो. गाडी गार झाली की दाब गेला, गळती थांबली, आणि मालक बॅटरी घेऊन वाकतो तो नेमका तेव्हा! (कुकरची वाफ जिरेपर्यंत निमूट थांबणारी माणसं रेडिएटरचं झाकण मात्र गरम इंजिनावर उघडतात. उघडू नये. हात भाजतो, तोंडही.)

तेव्हा थेंब शोधू नये, डाग शोधावा. कूलंट सुकलं की मागे पांढरट किंवा रंगीत खरवड राहते. ती आधी होज पाइपांच्या टोकांना, क्लिपांपाशी बघावी. मग रेडिएटरची ॲल्युमिनियमची जाळी आणि वरची-खालची प्लास्टिकची टाकी जिथे जोडलेली असते तो सांधा. बऱ्याच गाड्यांत आठ-दहा वर्षांनी हाच दगा देतो. वॉटर पंपाला तर कारखान्यातच एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं. ते भोक बुजवणारा कारागीर म्हणजे रडणाऱ्या पोराचं तोंड दाबणारा. द्रव पाइपावरून ओघळत पुढे जातो, त्यामुळे ओल एका टोकाला आणि भेग दुसऱ्या टोकाला, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

डावीकडच्या सीटखाली बाहेर ठिबकणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असतं. त्याने घाबरू नये. पायाखालचं कार्पेट चिकट ओलं आणि गाडीत गोडसर वास, हे मात्र हीटरच्या आतल्या छोट्या रेडिएटरचं काम. गोडी चाखून खात्री करू नये, एथिलीन ग्लायकॉल विष आहे. सांडलेलं लगेच पाण्याने धुवावं, कारण सोसायटीची मांजरं आणि कुत्री ते चाटतात आणि मरतात.

काहीच सापडलं नाही, तर गॅरेजमध्ये गार इंजिनावर, झाकणाच्या जागी, दाबाचं घड्याळ असलेला हातपंप लावतात. झाकणावर छापलेला असेल तेवढाच दाब भरायचा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. काटा उतरला की गळती आहे, आणि आता ती गार इंजिनावर, डोळ्यांदेखत होते. काटा उतरत असेल आणि बाहेर सगळं कोरडं असेल, तर गळती इंजिनाच्या आत, म्हणजे हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. धुराड्यातून गोडसर पांढरा धूर आणि ऑइलला दुधाळ चहाचा रंग, ही त्याची लक्षणं. इथे मेकॅनिकचा स्वर हळुवार होतो, आणि तो स्वर महाग पडतो.

बाकीची दुरुस्ती साधी आहे. सैल क्लिप बदलावी, कडक झालेला होज बदलावा, टाकी तडकली तर रेडिएटरच बदलावा. ट्रकवाल्यांचा हळदीचा उपाय खरा आहे. ती फुगून भेगेत बसते आणि गाव गाठून देते. पण हळदीला भेग कुठली आणि हीटरची बारीक नळी कुठली, हे कळत नाही.

नवं कूलंट भरल्यावर आतली हवा काढण्यासाठी बहुतेक गाड्यांत हीटर पूर्ण चालू ठेवून इंजिन तापू देतात. हे काम हटकून मे महिन्यात निघतं. मग बाटलीवर पातळीची रेघ मारून तारीख लिहावी आणि दोन आठवडे सकाळी, गाडी सपाट जागी आणि गार असताना बघावं. गरम इंजिनात द्रव फुगून पातळी आपोआप वर येते, आणि संध्याकाळी कामावरून परतलेला मालक त्यालाच दुरुस्ती समजतो.